गाडीला घातलेला हार

तात्या,

तुमची गाडी मी संपवली. हे आधीच सांगून टाकतो, कारण तुम्हाला पाल्हाळ आवडत नसे. गिऱ्हाईक लांबण लावायला लागलं की तुम्ही सरळ बॉनेट उघडून आत डोकं घालायचात. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. निमगाव सावातलं आपलं गॅरेज आहे तिथंच आहे, पण पाणी उपसायची डिझेल इंजिनं आता फारशी येत नाहीत. अवसरीच्या कॉलेजातली पोरं येतात आणि त्यांना गाड्या पळवायच्या असतात. मी त्यांना सुपरचार्जर बसवून देतो. इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरणारा तो एक दांडगा पंखा. हवा दाबून इंजिनात कोंबतो, जास्त हवा तर जास्त पेट्रोल, आणि तितकी जास्त ताकद. पण दाबलेली हवा तापते, सायकलीत हवा भरताना पंपाचं तोंड तापतं तशी. ती निववायला पुढच्या जाळीमागे कूलर लावतात आणि त्याला समोरून वारा लागावा लागतो. पोरांना नमुना म्हणून दाखवायला एक गाडी हवी होती. तुमची दारात उभी होती.

मला तो बांधावरचा दिवस आठवतो. मी असेन अठरा-एकोणीसचा. पाणी जास्त पडावं म्हणून एका शेतकऱ्याच्या इंजिनाची स्प्रिंग ताणून मी फेरे वाढवून दिलेत आणि स्वतःवरच खूश आहे. तुम्ही येता, नुसता आवाज ऐकता, इंजिन बंद करता. आणि त्याच्यादेखत मला म्हणता, "त्याला सांग, एवढंच जमंल. सांगायला लाज वाटती व्हय?" मला तेव्हा तुमचा भयंकर राग आला होता. खरं सांगू, अजून थोडा आहे. 'एवढंच जमेल' हे मला आजवर कुणालाही सांगता आलेलं नाही, ना पोरांना, ना स्वतःला.

गेल्या वर्षी दसऱ्याला आईनं नेहमीसारखी गाडीची पूजा केली. झेंडूचा हार स्वतः ओवला, मनगटाएवढा जाड, आणि जाळीवर दोन-तीन पदरी करून घट्ट बांधला. तुमच्या वेळीही ती असाच बांधायची आणि तुम्ही तो मिरवत बाजारला जाऊन यायचात, गाडीला काही व्हायचं नाही. मग म्हणाली, आहुप्याला ने. तुम्ही तिला नेतो नेतो म्हणत उभा जन्म काढलात, तेव्हा मला नाही म्हणवेना. जाळीवरचा हार मला दिसत होता. काढ म्हणणं जिवावर आलं. डिंभ्यापर्यंत गाडी सुरेख पळाली. आई शेजारी बसून हसत होती, तुम्ही चालवत असतात तर अजून घोडेगावातच असतो म्हणाली. पुढे चढ लागला. इंजिन तापल्याचा काटा वर सरकू लागला, इंजिनातून डब्यात खडे हलवावेत तसा आवाज यायला लागला. तो आवाज कशाचा ते मला कळत होतं, तापलेल्या हवेनं पेट्रोल आत अवेळी पेटत होतं. पाय काढायला हवा होता. पण तिला इतकं हसताना मी तुम्ही गेल्यापासून पाहिलं नव्हतं, आणि मी तसाच दाबत राहिलो. एक दणका बसला, धूर झाला, गाडी थांबली.

मी बॉनेट उघडलं. आई खाली उतरून मागे उभी राहिली, काय झालं विचारू लागली. माझ्या तोंडून निघून गेलं, "हारानं वारा अडला."

"म्हंजी, मी बांधला म्हणून?"

मी बॉनेटखाली डोकं घातलं. तिनं वाकून एकेक गाठ सोडवली, फुलं पदरात घेतली. "त्यांची गाडी व्हती रं," एवढंच म्हणाली.

इंजिन खोललं तर एका पिस्टनला वितळून भोक पडलेलं, ब्लॉकला तडा. काही करण्यासारखं उरलं नव्हतं. यंदाच्या दसऱ्याला आईनं पूजेचं ताट माझ्या बायकोच्या हातात दिलं. म्हणाली, तूच कर, माजा हात नको यंत्राला. ट्रॅक्टरजवळ आली नाही, साध्या स्कूटरलाही कुंकू लावलं नाही. मी रोज संध्याकाळी तिच्यापाशी जाऊन बसतो. ती विचारते, जेवलास का. मी हो म्हणतो आणि उठून येतो.

तिला सांगायचं आहे ते असं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी त्या पंख्याची पुली बदलून लहान बसवली होती. पुली लहान केली की पंखा जास्त फिरतो, हवा जास्त दाबली जाते, जास्त तापते. मला गाडी अजून पळवून दाखवायची होती. त्या पुलीवर तो चढ हार नसता तरी इंजिनाला झेपला नसता. आणि हे मला तिथं रस्त्यावर, बॉनेट उघडतानाच माहीत होतं.

आई अजून वाचते, अडखळत का होईना. तोंडानं होत नाही तर लिहून द्यावं म्हणून हा कागद तिच्यासाठीच घेतला होता. वर हाक तुम्हाला मारली, कारण तुम्ही वाचणार नाही.