निवेदनातला तिसरा मुद्दा

बाई,

परवा ठाण्याहून फोन आला होता. घोडबंदर रोडवरच्या एका सभागृहात रविवारी परिसंवाद आहे. दहावीच्या दाखल्यासाठी मुलांना संगणकाची परीक्षा पास होणं सक्तीचं करावं की नाही, असा विषय आहे, आणि मी विरोधी बाजूने बोलावं अशी त्यांची इच्छा आहे. फोनवरचे गृहस्थ म्हणाले, "डोंबिवलीची ती सभा तुम्ही काय गाजवली होती! मी होतो ना मागे उभा." मी सवयीने हो म्हणाले आणि फोन ठेवल्यावर बसले ती बसूनच राहिले. त्या सभेत मी कोणाविरुद्ध बोलले, हे त्यांच्या लक्षात नाही. माझ्या आहे. तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायला मला डोळे मिटावे लागतात, तरी हे दुसऱ्या कोणाला लिहिता येत नाही.

आपली शाळा पालिकेची, डोंबिवली स्टेशनच्या पश्चिमेला, खाडीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर. वर्गात निम्मी आम्ही कोळ्यांची आणि मिठागरांवर राबलेल्या घरांतली पोरं, निम्मी चाळींतली. मी नववीत असताना शाळेत कॉम्प्युटर आला. नकाशांची खोली रिकामी केली, दारात चपला काढायचा नियम झाला, यंत्रावर हेडसरांच्या घरून आणलेला भरतकामाचा रुमाल पडला. दसऱ्याच्या पाटीपूजनाला आम्ही सगळे पाट्या घेऊन त्या खोलीत उभे होतो. प्रत्येक पाटीवर एकाच्या आकड्यांनी काढलेली सरस्वती. तुम्ही पाट्या बघत म्हणालात, "सगळ्यांनी नुसते एकच काढलेत. या यंत्राला एक आणि शून्य दोन्ही लागतात. काही हरकत नाही, शून्यं माझ्याकडे भरपूर आहेत, पेपरात वाटतेच मी." आम्ही हसतोय तोवर हेडसरांनी रुमाल काढला आणि कुंकवात भिजवलेल्या ओल्या अक्षता मूठ भरून थेट त्या बटणांवर वाहिल्या. तुमचा हात पुढे झालेला मला अजून दिसतो. तो पोचला नाही.

चार दिवसांनी बटणं दाबली जाईनात. दुरुस्तीवाला येणार होता, तो आला नाही. मग हेडसरांनी खोलीला कुलूप घातलं. व्हरांड्यातलं तुमचं बोलणं आम्ही कान देऊन ऐकलेलं आहे.

"बाई, सरकारी वस्तू आहे. बिघडली तर जबाबदारी कोणाची?"

"बिघडलीच आहे ना सर."

"हो, पण अजून बिघडायला नको."

दुसऱ्या दिवशी तुम्ही कॉम्प्युटरचं रिकामं खोकं घेऊन वर्गात आलात. ते कापलंत, पुठ्ठ्याच्या पट्ट्या केल्यात आणि प्रत्येक पट्टीवर निळ्या शाईने चौकोन आखून, त्या यंत्रावर होती त्याच क्रमाने इंग्रजी अक्षरं लिहिलीत. मधल्या सुट्टीत आम्ही पुठ्ठ्यांवर बोटं आपटायचो, तोंडाने टकटक आवाज काढायचो. "खाली बघायचं नाही," तुम्ही म्हणायचात, "बोटांना पाठ होऊ दे." माझ्या पुठ्ठ्याच्या मागे काचेच्या पेल्याचं चित्र आहे, माल जपून हाताळा असं सांगणारं. तो पुठ्ठा आत्ता समोर आहे.

त्याच वर्षी तुम्ही मला शून्य दिलं होतं. टाकी रिकामी व्हायला किती वेळ लागेल असं उदाहरण होतं आणि मी ती भरायला किती लागेल ते काढलं होतं. वक्तृत्वाच्या दोन ढाली तेव्हाच माझ्या नावावर होत्या, त्यामुळे मी टेबलाशी ताठ मानेने आले. "रीत सुरेख आहे," तुम्ही म्हणालात, "पण हे विचारलंय कोणी?" मी म्हटलं, "बाई, मला वाटलं..." "तुला वाटलं! अगं, उदाहरण शेवटच्या पूर्णविरामापर्यंत वाचायचं असतं. तू दुसऱ्या ओळीलाच भाषण सुरू करतेस." वर्ग हसला. मी आठवडाभर तुमच्याशी बोलले नाही.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मी खरोखरच भाषणं करत फिरत होते. आंबिवली, टिटवाळा, जिथे वस्ती तिथे माझी सभा. तेव्हा तुम्ही एका संध्याकाळी आमच्या कोळीवाड्यात आलात, आईच्या सुकटीच्या टोपल्या बाजूला सारून ओट्यावर बसलात आणि पिशवीतून दोन पानं काढलीत. संगणक हा विषय दहावीला सक्तीचा करावा, असं शिक्षण खात्याला द्यायचं निवेदन. "तुझी भाषा चांगली आहे. वाच, कुठे सैल वाटलं तर सांग. शनिवारी पालकसभेत सह्या घ्यायच्यात." मी म्हटलं, "बाई, सक्ती कशाला? ऐच्छिक ठेवा की." तुम्ही चहाचा कप खाली ठेवलात. "ऐच्छिक ठेवलं की ते पैसेवाल्यांच्या मुलांचं होतं. सक्तीचं म्हटलं की सरकारला यंत्र द्यावं लागतं, शिकवायला माणूस द्यावा लागतो. गणित सक्तीचं नसतं तर मला या शाळेत कोणी नेमलं असतं का?" आई हसली. मी नाही हसले, माझ्या डोक्यात तेव्हाच भाषण जुळायला लागलं होतं.

शनिवारी तुम्ही पहिली मागणी वाचलीत आणि मोठ्या अभिमानाने म्हणालात, "आता आपली माजी विद्यार्थिनी बोलेल." मी उभी राहिले. काय बोलले ते मला अजून तोंडपाठ आहे, आणि तीच तर शिक्षा आहे. "ज्या शाळेचं एकुलतं एक यंत्र नऊ वर्षं कुलपात आहे, त्या शाळेतली मुलं संगणकात पास होणार? यंत्र कुलपात आणि नापास आमची पोरं! सक्ती करायचीच तर आधी सरकारवर करा, मग पोरांवर!" मागून एक मासेवाली मावशी ओरडली, "बरोबर बोलतंय पोर! माझी पोर नापास झाली तर तिला परत शालंत कोन घेल?" टाळ्या थांबेनात. तुम्ही उठलात, "तिसरा मुद्दा..." एवढं म्हणालात, पुढचं कोणाला ऐकू आलं नाही. मलाही नाही, मी नमस्कार करत होते. एकही सही झाली नाही. जिन्यावर तुम्ही मला थांबवलंत.

"निवेदन वाचलं होतंस ना गं?"

"हो बाई."

"सगळं?"

"सगळं."

तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात. मग "बरं" म्हणालात आणि कठड्याला धरून एकेक पायरी उतरत गेलात. आपलं शेवटचं बोलणं तेच.

माझ्या पाठची, माझ्याहून दहा वर्षांनी लहान बहीण तेव्हा आपल्याच शाळेत होती. माझा पुठ्ठा तिच्याकडे गेला होता. दहावीनंतर ती डोंबिवलीत लग्नपत्रिका छापणाऱ्या एका दुकानात काम मागायला गेली. मालक म्हणाले, "बस, टाइप करून दाखव." तिने बोटं ठेवली, खाली न बघता, तुम्ही शिकवलं तशी, आणि चालवली. समोरचा पडदा काळाच. "अगं ताई, आधी चालू तर कर!" कोणीतरी म्हणालं आणि सगळं दुकान हसलं. चालू करायचं बटण पुठ्ठ्यावर नव्हतं. ती उठून घरी आली. "ताई, मला सगळं येत होतं गं. चालू करायचं तेवढंच नाही आलं." एवढं बोलून ती सुकट निवडायला बसली. मी, जिला शब्दांची कधी वाण पडली नाही, तिच्याजवळ बसून सुकट निवडू लागले. तोवर स्टेशनजवळ कॉम्प्युटरच्या क्लासचे फलक एकावर एक चढले होते. तिथे कोणाची मुलं जात होती ते सांगायला नको. विषय ऐच्छिक होता.

तुम्ही गेलात तेव्हा मी कसल्याशा सभेला बाहेरगावी होते. निवेदन मला पुढे कितीतरी वर्षांनी सापडलं, कल्याणला घर बदलताना. मी खूप वाचते असा माझा लौकिक आहे. अशाच एका जाडजूड पुस्तकात खुणेसाठी मी तुमची दोन पानं घातली होती. दुसऱ्या पानावर, तुमच्या गोल अक्षरात, तिसरा मुद्दा आहे: "यंत्र, वीज व शिक्षक शाळेस मिळून दोन वर्षे होईपर्यंत कोणत्याही विद्यार्थ्यास या विषयात नापास करू नये. सक्ती प्रथम शासनावर असावी, विद्यार्थ्यांवर नंतर." ज्या वाक्याला मी टाळ्या घेतल्या, ते माझ्या भाषणाच्या आधी तुम्ही लिहून माझ्या हातात दिलेलं होतं.

आता रविवारी मी काय बोलू? विरोधात बोलले तर तीच चूक दुसऱ्यांदा. बाजूने बोलले, तर आजही कुठल्याशा शाळेत एक खोली कुलपात असेल आणि तिथली पोरं आधी नापास होतील, यंत्र मागून येईल, कारण तिसरा मुद्दा सगळ्यात आधी गळतो हे मी पाहिलंय. सह्या झाल्या असत्या तरी तुमचा कागद कुठल्या कपाटात पडला असता, कोण जाणे. असं मी स्वतःला सांगते. पण तो पोचलाच नाही, आणि ते खात्यामुळे नाही, माझ्यामुळे. लोकांना उठवून बसवायची ताकद माझ्यात आहे म्हणतात. त्या ताकदीने एका पोरीच्या समोरचा काळा पडदा उजळत नाही.

हे कुठे पाठवायचं नाही, पुठ्ठ्याखाली ठेवून देईन. पण जिन्यावर तुम्ही तसं का बघत राहिलात ते मला फार उशिरा कळलं. मी "सगळं" म्हटलं आणि तुम्ही ते खरं धरलंत. म्हणजे तिसरा मुद्दा वाचून, तो लोकांपासून लपवून, तुमचंच वाक्य मी तुमच्यावर उगारलं, असं समजून तुम्ही तो जिना उतरलात. तसं नव्हतं. बाई, मी पहिलं पान उलटलंच नव्हतं.