लॅटेकमध्ये बसवलेला बैलगाडा

३ जानेवारी
नवीन वर्षाचा संकल्प, फक्त दोन दिवस उशिरा. पीएच.डी.चा प्रबंध लॅटेक नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये करणार. गणिताच्या मनाल मॅडमचा पेपर आज स्टाफरूममध्ये बघितला. आज्ञा लिहायच्या, बटण दाबायचं, छापील पुस्तकासारखी पानं तयार! माझा ‘बैलगाडा शर्यत आणि ग्रामसमाज’ वर्डमध्ये लग्नपत्रिकेसारखा दिसतो. मुदत २८ फेब्रुवारी. शेवटची मुदतवाढही संपतेय, नंतर रजिस्ट्रेशन रद्द. म्हणजे दोन महिने आहेत. भरपूर झाले.

५ जानेवारी
सॉफ्टवेअर डाउनलोड. जुन्नरचं नेट, त्यामुळे अख्खा दिवस. बायकोनं, मोहिनीनं, विचारलं, सगळं टाइप झालेलं व्हतं की, आता परत कशाला? तिला सांगितलं, वर्डमध्ये आत्मा नसतो. ती शाळेच्या वह्या तपासायला बसली.
चार वर्षं मी खुर्चीत टेकून सांगायचो आणि ती शाळेतून आल्यावर टाइप करायची. सहा प्रकरणं झाली. मधेमधे माझी वाक्यं बदलायची, तेवढी एक खोड आहे. हल्ली तिची मनगटं दुखतात. वयाचं असेल.

९ जानेवारी
मुखपृष्ठ तयार. चार दिवस गेले, पण नाव असं बसलंय की मीच दोनदा उठून उभा राहिलो.
मनाल मॅडम म्हणाल्या, सर, आधी मजकुराचं एक पान टाकून बघा. वहिनींचं टायपिंग जुन्या फॉन्टमधलं आहे, तो फॉन्ट नसेल तर मराठी दिसणारच नाही, आधी युनिकोडमध्ये, म्हणजे कुठेही दिसणाऱ्या मराठीत, बदलून घ्या.
तरुण आहेत. घाबरतात.

२१ जानेवारी
ऋणनिर्देश पूर्ण. मोहिनीचे आभार शेवटून दुसऱ्या ओळीत, ‘टंकलेखन साहाय्य’ म्हणून. ओळ मस्त बसली.
गाईड डुंबरे सरांचा फोन. म्हणाले, राव, आहे तशी फाइल पाठवून ठेवा, एक कॉपी माझ्याकडं राहू द्या. मी म्हटलं, सर, आता थेट बाइंडिंग केलेली प्रतच बघा. फोन कट झाला. नेटवर्क गेलं असेल.

२ फेब्रुवारी
मन सारखं वर्डकडे पळतं. आज कायमचा बंदोबस्त केला. सगळा मजकूर लॅटेकमध्ये पेस्ट केला आणि परतीचे दोर कापून टाकले. वर्डची फाइल डिलीट, रिसायकल बिन रिकामा, पेनड्राइव्ह फॉरमॅट. मावळ्यांचा मुलूख आहे हा, इथे असंच लढतात. छाती भरून आली.
मोहिनीनं पेनड्राइव्ह कुठंय विचारलं. कॉलेजात आहे म्हटलं.

६ फेब्रुवारी
पेस्ट केलेला मजकूर विचित्र दिसतोय. इंग्रजी अक्षरं, टक्के, डॉलर. छापताना मराठी होत असावं. बटण दाबलं. एरर. परत दाबलं. आणखी एरर.
टक्क्याचं चिन्ह आलं की ओळीचा पुढचा भाग गायब होतो. शर्यतीच्या घाटातली गर्दी, बारी म्हणजे गाड्याची एकेक धाव, गाडामालकांच्या मुलाखती, सगळं मिळून तिसरं प्रकरण दीड पानावर आलं. परीक्षकांना आटोपशीर प्रबंध आवडतात.


११ फेब्रुवारी
जमलं! सगळे एरर त्या चिन्हांपाशीच येत होते. सहाही प्रकरणांतून चिन्हं एका झटक्यात काढून टाकली. सेव्ह. एरर शून्य!
मोहिनीला बोलावून ती इंग्रजी अक्षरांची पानं दाखवली. ती पदराला हात पुसत बघत राहिली. मग विचारलं, हे आपलंच हाय का? मी म्हटलं, हो, माझंच. ती आत गेली. आत भांड्यांचा आवाज होईना. मला उगीचच भीती वाटली.

१९ फेब्रुवारी
फॉन्ट बदलून पाहिले. मराठी काही होत नाही. शेवटी मनाल मॅडमना दाखवलं. त्या म्हणाल्या, ती चिन्हं म्हणजेच निम्मी मराठी अक्षरं होती, असती तर अजूनही बदलून मिळालं असतं, मूळ फाइल आणा. मी दोर कापल्याचं सांगितलं. वाटलं, हसतील. हसल्या नाहीत. वहिनींना सांगितलंत का, एवढंच विचारलं.

२२ फेब्रुवारी
घाबरायचं कारण नाही. प्रबंध माझ्या डोक्यात आहे. डोळे मिटून खुर्चीत टेकलो. पहिलं वाक्य आठवलं. दुसरं आठवेना. ते बहुतेक मोहिनीचं होतं.
तिसरंही.

२७ फेब्रुवारी
डुंबरे सरांना फोन केला. मुखपृष्ठ आणि ऋणनिर्देश तयार आहेत म्हणालो. ते म्हणाले, मजकूर? मी म्हटलं, तांत्रिक अडचण. ते म्हणाले, मग राहू द्या आता, जिवाला लावून घेऊ नका. इतक्या प्रेमानं ते कधीच बोलले नव्हते.

२८ फेब्रुवारी
सकाळी मोहिनीला सगळं सांगितलं. ती रडली नाही, म्हणून बरं वाटलं. पुढचा प्लॅनही सांगितला: रजिस्ट्रेशन नव्यानं करता येतं, मी परत सांगतो, तू परत टाइप कर, साधारण किती महिने धरू?
ती म्हणाली, न्हाई. आणि घोडेगावला माहेरी जायला पिशवी भरायला लागली.
न्हाई म्हणजे साधारण किती, असं मी विचारलं. वहीत महिन्यांची जागा मोकळी ठेवलीय. घोडेगावची एसटी सुटून बराच वेळ झाला.