केबिन रिकामी आहे

२ ऑक्टोबर

नवी नोकरी, नवी वही, तळ्याकडे तोंड असलेली खोली. वार्काउस हे गाव पहिल्याच दिवशी आवडलं.

कंपनी लिफ्ट चालवणारे प्रोग्रॅम लिहिते, आणि आवारातल्या मनोऱ्यात एक खरीखुरी लिफ्ट उभी केलेली आहे. कुणी प्रोग्रॅमची एक ओळ जरी बदलली, तरी बिल्ड यंत्रणा तो आपोआप त्या लिफ्टवर चालवून बघते. दारं नीट मिटतात का, मजल्यावर नेमकी थांबते का, वगैरे. मग सगळे निकाल गोळा होतात आणि कॉफीच्या खोलीतला दिवा हिरवा होतो किंवा लाल. हिरवा झाला तरच बदल स्वीकारला जातो. माझं काम हे निकाल गोळा करणाऱ्या भागाला तपासायचं. त्याला खोटे, अर्धवट, कोरे निकाल भरवायचे आणि तो फसतो का बघायचं. असलं काम मला मनापासून आवडतं.

मनोऱ्यातली लिफ्ट सांभाळणारी सिर्कू म्हणून एक बाई आहे. आधी काय करायचास, तिनं विचारलं. वजनकाटे दुरुस्त करायचो, आणि प्रोग्रॅमिंग घरच्या टेबलावर स्वतःचं स्वतः शिकलो, असं मी सांगितलं. त्यावर म्हणाली, मग आधी आमचं कॉफीचं यंत्र बघ बाबा, वर्षभर रडतंय ते. बघितलं. झाकणातली रबरी कडी फिरली होती. दुरुस्त केलं.

५ ऑक्टोबर

पहिली चूक सापडली. निकालाची फाइल कोरी आली तर यंत्रणा दिवा हिरवा करत होती! काहीच न तपासता सगळं ठीक. मी ते बंद केलं. आमची प्रमुख मार्केट्टा, जी सहसा मान हलवण्यापलीकडे जात नाही, ती चक्क 'छान' म्हणाली.

इथे एक रीत आहे. ज्याच्या बदलानं दिवा लाल होतो त्याचं नाव दिव्याखाली झळकतं, आणि दुसऱ्या दिवशी त्यानं सगळ्यांसाठी पुल्ला आणायची, वेलदोडा घातलेला गोड पाव. सिर्कूनं विचारलं, तुझी पुल्ला कधी? माझ्या नावाची पुल्ला तुम्हाला कधीच मिळणार नाही, असं मी सगळ्यांदेखत सांगितलं. ती म्हणाली, अरे देवा, म्हणजे उपाशी मारणार हा माणूस.

९ ऑक्टोबर

सगळ्यांत आधी होणाऱ्या चाचणीचं नाव 'केबिन रिकामी आहे'. केबिनच्या फरशीखालचा वजनकाटा शून्य दाखवत असेल तरच पुढचं सगळं. आत माणूस असताना लिफ्ट पळू नये म्हणून ही राखण. पण दमट हवेत काटा उगाच थोडं वजन दाखवतो आणि दिवा फुकटचा लाल होतो. म्हणून मी एक नियम लिहिला. चाचणी फसली तर केबिन एकदा तळापर्यंत जाऊन वर येईल आणि चाचणी पुन्हा होईल. असे जास्तीत जास्त तीन प्रयत्न. त्यात एकदा जरी जमलं तरी हिरवा.

खोटे निकाल भरवून नियम सगळ्या बाजूंनी तपासला. चोख आहे.

१३ ऑक्टोबर

आज माझा एक छोटा बदल चाचणीला गेला होता. पहिल्या प्रयत्नात काटा चौदा किलो. दुसऱ्यात नऊ. तिसऱ्यात तीन. आता दिवा लाल होणार आणि खाली माझं नाव येणार. तेही सगळे कॉफीला बसलेले असताना.

मर्यादेचा आकडा प्रोग्रॅममध्ये नाही, बाजूच्या सेटिंगमध्ये असतो, तिथला बदल चाचणीशिवाय लगेच लागू होतो; मी तीन प्रयत्नांची मर्यादा तिथून काढून टाकली. चाचणी जमेपर्यंत प्रयत्न चालू राहतील. चौथ्यात शून्य. हिरवा. कुणाला काही कळलं नाही.

हे बरोबर नव्हतं. उद्या मर्यादा परत घालेन.

१६ ऑक्टोबर

घातली नाही.

सिर्कूची हत्यारांची पेटी सापडत नाही. शुक्रवारी केबिनमध्ये विसरले होते, असं ती शपथेवर सांगते. कॉफीला सगळ्यांच्या पिशव्या उघडायला लावल्या तिनं. माझी बघून म्हणाली, हा नाही, हा पुल्लासुद्धा आणत नाही, पेटी कुठला उचलतोय.

सगळे हसले. मीही.

पेटी किती जड होती, मी विचारलं. पंधराच्या आत, म्हणाली.

मी अर्धं आयुष्य काट्यांजवळ काढलं आहे. बिघडलेला काटा वरखाली भरकटतो. पायऱ्यापायऱ्यानं शून्यावर उतरत नाही. गळक्या पोत्यासारखं वजन उतरत गेलं, तर तो काट्याचा दोष नसतो.

१७ ऑक्टोबर

दुकानाच्या दिवसांतलं दहा किलोचं लोखंडी वजन घरून आणलं. सिर्कू बाहेर गेली असताना केबिनमध्ये ठेवलं आणि चाचणी चालवली.

दहा. सहा. दोन. शून्य.

दार उघडलं. फरशी स्वच्छ. गंजाचा कणसुद्धा नाही. हात लावून पाहिला, फरशी जराशी कोमट लागली.

दिवा हिरवा.

उद्या कॉफीला सगळं सांगायचं. नियम माझा, चूक माझी, असं म्हणायचं. एवढंच वाक्य.

१८ ऑक्टोबर

सांगणारच होतो. तेवढ्यात मार्केट्टानं जाहीर केलं की माझा नियम आल्यापासून दिवा एकदाही उगाच लाल झालेला नाही, आणि शुक्रवारी गिऱ्हाईक बघायला येणार आहे. सिर्कूनं स्वतःच्या पैशानं पुल्ला आणली होती. म्हणाली, हा आयुष्यात खाऊ घालणार नाही, मग आपणच त्याला घालावं.

सगळ्यांत मोठा तुकडा माझ्या बशीत ठेवला. खाल्ला.

शुक्रवार होऊ दे. मग सांगतो. सिर्कूला तेवढं एकटीला बजावलं की केबिनमध्ये जाताना जपून जा. ती म्हणाली, दिवा हिरवा असल्याशिवाय मी कधी पाऊल टाकते का? आणि काटा आहे ना राखणीला. मी आत असले तर लिफ्ट हलायचीच नाही.

मी मान हलवली.

२० ऑक्टोबर

गिऱ्हाईक खूश होऊन गेलं.

संध्याकाळी नेहमीसारखे आकडे चाळले. दुपारी कुणाचा तरी बदल गेला होता. पहिला प्रयत्न, सहासष्ट किलो. आकडा स्थिर नव्हता, किंचित वरखाली होत होता. दुकानात गिऱ्हाईक काट्यावर उभं राहिलं की असंच व्हायचं. श्वासामुळे.

दुसरा प्रयत्न, चव्वेचाळीस. तो खूप हलत होता.

तिसरा —

शेवटी शून्य. हिरवा.

सिर्कूचं जाकीट अजून खुंटीवर आहे.

२३ ऑक्टोबर

पोलीस आले होते. तळ्यात शोधतायत. तिचा नवरा कॉफीच्या खोलीत बसला होता, कप दोन्ही हातांत धरून. पीत नव्हता.

मार्केट्टानं मला सगळ्यांसमोर विचारलं, शुक्रवारी लिफ्टच्या निकालांत काही वेगळं दिसलं का? मी म्हणालो, दिवसभर हिरवा होता.

खोटं नाही ते. एक अक्षर खोटं नाही. म्हणूनच —

नवऱ्यानं माझे आभार मानले. लिफ्टबद्दलची शंका तरी मिटली, म्हणाला.

२४ ऑक्टोबर

तोंडानं सांगवत नाही. दोनदा मार्केट्टाच्या दारापर्यंत गेलो. मग दिव्यालाच सांगू दे.

माझा नियम काढून टाकला. आता एकदा फसलं की लाल. बदल चाचणीला पाठवला आणि स्वतः केबिनमध्ये येऊन उभा राहिलोय. काटा मला पकडेल, दिवा लाल होईल, खाली माझं नाव. लोक धावत येतील. मग बोलावंच लागेल. वही हातात आहे, म्हणजे नंतर शब्द फिरवता येणार नाहीत.

दार मिटलं. दारावरच्या आकडे दाखवणाऱ्या पट्टीवर चौऱ्याऐंशी. हलतंय. मीच.

फसली. झालं. आता लाल —

पट्टीवर 'दुसरा प्रयत्न'.

का? नियम तर मी —

नाही. नवा नियम हासुद्धा एक बदलच. हिरवा होईपर्यंत स्वीकारला जात नाही. तोवर जुनाच नियम चालतो. मला हे ठाऊक होतं. मी दुसऱ्यांना शिकवलंय हे.

खाली चाललीय.

एकसष्ट. मी जागचा हललेलो नाही. दुखत नाही. तिलाही दुखलं नसेल, असं लिहिणार होतो. लाज वाटते.

दार ठोठावलं. आवाज येत नाही. हात —

तिसरा.

अडतीस. बूट दिसतायत. बुटांत —

मार्केट्टा, हिरवा होईल आत्ता. माझ्या नावानं. त्याच्यावर जाऊ नकोस. पहिला आकडा बघ. तिचा पण. पहिला प्रयत्न बघ, पहि