दोन्ही लेन्समधला तोच डाग

मी, लेन्स दुरुस्त करणारी, बाजारात ‘भिंगवाली’ म्हणून ओळखली जाणारी बाई, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि स्वखुशीने लिहीत आहे. रागातही लिहीत आहे. राग म्हणजे वेड नव्हे, असं डॉक्टरीणबाईंनी मला तपासून सांगितलं आहे.

१. दुकान आणि मागची खोली माझ्या सुनेला. ती मागायला येईल तेव्हा द्यावी, तिला शोधत कुणी जाऊ नये. मुलाला छदामही नाही. कारण सांगते.

कॅमेऱ्याबरोबर आयती येते म्हणून किट लेन्सला जो तो नाक मुरडतो. मी मात्र प्रत्येकीची परीक्षा घेते. सुनेला भिंतीशी उभं करायचं, तोच उजेड, तेच अंतर, आणि फोटो मोठा करून बघायचा. परवा अठरा-पंचावन्न मिलिमीटरच्या दोन किट लेन्स हातात होत्या, एक जुनी धातूच्या कड्याची, एक नवी प्लॅस्टिकची. जुनीच्या फोटोत सुनेच्या गळ्यापाशी डाग दिसला. नवीतही तोच, तिथेच. म्हणजे लेन्सचा दोष नाही, कॅमेऱ्यातल्या सेन्सरवर धूळ असणार. सेन्सर पुसला. डाग तसाच. मग सुनेला जरा बाजूला सरकवलं, तर डागही सरकला. पावडर थापून झाकलेले बोटांचे वळ होते ते, पाचही.

“हे काय गं?”

“काही नाही, आई. तुम्ही लेन्सचं बघा.”

मुलाला जाब विचारला. “माझी बायको आहे, तुला काय करायचंय?” म्हणाला आणि माझ्यादेखत तिचं डोकं काउंटरच्या काचेवर आपटलं. मी ट्रायपॉड उचलून त्याच्या मनगटावर घातला. हाड मोडलेलं ऐकू आलं. त्याने माझे दोन दात पाडले. मी पुन्हा घातला. पोटचा गोळा आहे, पण हात थांबला नाही.

२. शेजारच्या कुलूपवाल्याने त्याला ओढून बाहेर काढलं आणि दुकानाची कुलपं बदलून दिली. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही, म्हणून जुनी लेन्स आजच त्याच्या हातात दिली. कितीही आपटा, तिला काही होत नाही.

३. मुलाने माझ्या मृतदेहाला हात लावू नये. हवा तर ट्रायपॉड न्यावा. त्याचा एक पाय वाकलाय, कशाने ते त्याला ठाऊक आहे.

४. मृत्युपत्र माणूस मेल्यावर लागू होतं. सुनेकडे तेवढा वेळ नाही. “परत येऊन दोघींना संपवतो,” असं तो सांगून गेलाय. म्हणून आज सकाळी नवी लेन्स लावलेला कॅमेरा आणि होती नव्हती ती रोकड देऊन तिला गाडीत बसवलं.

“आई, तुम्हीही चला ना.”

“दुकान उघडं दिसलं तर तो आधी इथे येईल. तू नीघ.”

कुठे जाणार, ते मी तिला सांगू दिलं नाही. आता त्याने मला कितीही मारलं, तरी माझ्याकडे सांगायला काही नाही.

सही: भिंगवाली
साक्षीदार: डॉक्टरीणबाई (सही), कुलूपवाला (सही)
ठिकाण: दुकान, शटर उघडं
दिनांक: सून गेली तो सोमवार