रिकाम्या कबरीचा वारस

मी, जेबेझ टारबॉक्स, वय अठ्ठ्याहत्तर, धंदा शिडे शिवण्याचा, राहणार क्विल बंदर, मॅसॅच्युसेट्स, हे मृत्युपत्र माझ्याच स्वयंपाकघरात, चुलीला पाठ लावून, माझ्या हाताने लिहीत आहे. मागे कोणी उभे नाही व कानात कोणी सांगत नाही. दृष्टी अधू झाली आहे व गुडघे पावसाची बातमी आधी देतात, परंतु बुद्धी शाबूत आहे. माझा पुतण्या विन्स्लो टारबॉक्स, बोस्टन येथील वकील, याने माझ्या बुद्धीविषयी चारचौघांत शंका घेतली आहे, म्हणून हे मुद्दाम नमूद करतो. वारा ईशान्येचा आहे, भरती दुपारनंतर लागेल, आणि आज शनिवार असल्याने येथल्या रिवाजाप्रमाणे मडक्यात घेवडा शिजत आहे. एवढे ज्याला कळते त्याला आपले काय व कोणाचे काय हेही कळते.

यापूर्वीचे माझे मृत्युपत्र रद्द समजावे. ते विन्स्लोनेच लिहून आणले होते. त्यातले अक्षर फार सुंदर होते.

कलम पहिले. माझी हत्यारे, म्हणजे शिडे शिवण्याचा चामडी हातपंजा, सर्व दाभणे, मेणाचा गोळा व दोर उकलायची हाडाची सळई, ही खालच्या खाडीत राहणाऱ्या अक्सा टारबॉक्स हिला द्यावी. ती आपल्या होडीचे शीड स्वतः शिवते. तिचा टाका वाकडा असतो, पण उसवत नाही. ज्यांचे टाके सरळ होते अशा पुष्कळांची शिडे मी वादळानंतर पुन्हा शिवली आहेत.

कलम दुसरे. माझे शाळेतले वाचनपुस्तक गावच्या शाळेला द्यावे. पुठ्ठा गेला आहे, कविता शाबूत आहेत. शेवटच्या कोऱ्या पानावर माझ्या पोरवयाच्या अक्षरात दोन ओळी आहेत. त्या छापील नाहीत. आमच्या बाई मिस पीझली यांनी स्वतः रचल्या होत्या. ज्या दिवशी बंदरातली एखादी नाव परत यायची राहिलेली असे, त्या दिवशी बाई गणित बाजूला ठेवीत आणि आम्हांला बाकावर उभे करून म्हणायला लावीत:

वारा वळला, शिडे फुगली, नाव निघाली घरी,
दार उघडे ठेव, माई, दिवा ठेव गं दारी.

खिडकीतून समुद्र दिसत असे, खडूचा वास असे, आणि बाकांवर अशी मुले असत की ज्यांचे बाप त्या नावेवर होते. सत्तर वर्षे झाली. अजून शिडाला शेवटचा टाका घातला की माझ्या तोंडून त्याच ओळी निघतात. मास्तर कोणीही असो, त्याने त्या मुलांकडून पाठ करून घ्याव्यात. असो. मृत्युपत्रात कविता शोभत नाही असे विन्स्लो म्हणेल. त्याच्या मृत्युपत्रात त्याने घालू नये.

कलम तिसरे. आता मुख्य गोष्ट.

खालच्या खाडीतला धक्का, होड्या वर ओढायचा उतार व मासळी वाळवायची खडकाळ जागा, ही माझ्या मालकीची असून मी ती सदरहू अक्सा टारबॉक्स हिला व तिच्या पश्चात खालच्या खाडीत होडी बाळगणाऱ्या सर्व घरांना, कोणतीही अट न घालता देत आहे. विन्स्लोच्या मनात ही जागा उन्हाळी पाहुण्यांच्या हॉटेलाला विकायची आहे. धक्का गेला तर खालच्या खाडीतली माणसे होड्या डोक्यावर घेऊन फिरणार काय, असे मी त्याला विचारले. तो म्हणाला, "काका, ती परकी माणसं आहेत. ती आपली काय लागतात?"

ती आपली काय लागतात, हे सांगण्यासाठी हे कलम लांबवतो. माझ्या मागे हे दान वेडाचे ठरवले जाऊ नये. परक्याला दिलेले दान वेडाचे ठरू शकते. भावाला दिलेली वाटणी ठरत नाही.

आमचा मूळ पुरुष जेथ्रो टारबॉक्स हा मिठाच्या जहाजावरचा दुय्यम तांडेल. इंग्लंडच्या राजाच्या अमलात तो या किनाऱ्याला लागला, गावाने त्याला खाडीकाठची जमीन नेमून दिली व तो येथेच राहिला. मी उभ्या आयुष्यात फावला वेळ त्याचा माग काढण्यात घालवला. कझाया, माझी दिवंगत पत्नी, म्हणे की मी तिच्यापेक्षा जेथ्रोशीच जास्त बोलतो. जेथ्रो खारवलेला कॉड मासा बार्बाडोसला नेई व काकवी घेऊन येई. चांगला मासा युरोपला जाई आणि तळातला खराब मासा त्या बेटावरच्या मळ्यांतल्या गुलामांच्या तोंडी. विन्स्लोने छापलेल्या कुलवृत्तांतात हे नाही. त्यात पहिल्याच पानावर सिंह व जहाजाचा नांगर असलेले कुलचिन्ह आहे, ते लंडनच्या एका दुकानातून करून आणलेले आहे. जेथ्रोने जन्मात सिंह पाहिला नसावा.

जेथ्रोची पहिली बायको पेशन्स. तिला एक मुलगा झाला, जेबेझ. पेशन्स लवकर गेली. जेथ्रोने चर्चचा कारभारी असलेल्या डीकनची मुलगी थँकफुल हिच्याशी लग्न केले. पेशन्सचा पोर सोळा वर्षांचा झाला तेव्हा उत्तरेकडे कॉड धरायला गेला. होडी आली नाही. जेथ्रोने हिवाळाभर वाट पाहिली आणि मग टेकडीवरच्या दफनभूमीत शिळा उभी केली. त्या काळी पाथरवट शिळांवर पहिली ओळ आधीच कोरून ठेवीत, गिऱ्हाईक आले की खाली नाव घालीत. म्हणून शिळेवर आहे: "येथे निजला आहे जेबेझ टारबॉक्स, जेथ्रोच्या घरचा." खाली निजलेले कोणीच नव्हते.

वसंतात थँकफुलला मुलगा झाला. आमच्या लोकांत मेलेल्या मुलाचे नाव पुढच्या मुलाला देतात. चांगले नाव पडून राहू नये. या मुलाचे नाव जेबेझ ठेवले.

आणि पुढच्या उन्हाळ्यात पहिला जेबेझ परत आला. फ्रेंच मासेमाऱ्यांनी त्याला उचलले होते व न्यूफाउंडलंडला राबवून घेतले होते. तो धक्क्यावरून चढून आला, तर विहिरीवर थँकफुल, कडेवर पोर. माझी आजी ही गोष्ट सांगे तेव्हा इथे नेहमी विणकाम थांबवी.

"हा कोण?" त्याने विचारले.

"जेबेझ," थँकफुल म्हणाली.

"मग मी कोण?"

याचे उत्तर त्या घराने त्याला अजून दिलेले नाही. थँकफुलने एका छपराखाली दोन जेबेझ राहू दिले नाहीत. ज्याच्यासाठी भर सभेत मृताची प्रार्थना झाली त्याला पाद्रीबुवा पुन्हा जिवंतात मांडीनात. पोराने खालच्या खाडीत झोपडे बांधले, लग्न केले, त्याला मुले झाली. गावच्या नोंदीत ती मुले नुसती "खालच्या खाडीतली" आहेत, कारण त्यांचा बाप मेलेला होता. तो मात्र रविवारी टेकडीवर जाऊन स्वतःच्या शिळेवर बसे व भाकरी खाई. कोणी हटकले तर म्हणे, "माझ्याच दारात बसलोय, बाबा." पुढे तो खरोखर म्हातारा होऊन वारला आणि खालच्या वाळूत पुरला गेला, एका माणसाला दोन शिळा कशाला, असे त्यानेच सांगून ठेवले होते. ती वाळू समुद्राने केव्हाच नेली.

वरच्या घरातले आम्ही, मी व विन्स्लो, धाकट्या जेबेझचे वंशज. अक्सा थोरल्याची. म्हणजे खालची पाती थोरली आहे आणि आम्ही धाकटी.

विन्स्लो विचारील, पुरावा? पुरावा चार पायांवर चालतो. येथे प्रत्येक घराची मेंढरांसाठी कानखूण असते. बापाची खूण थोरल्या मुलाला जाते, धाकट्याला तीच खूण एक जादा चीर देऊन घ्यावी लागते. जेथ्रोची खूण डाव्या कानाच्या खालच्या कडेला अर्धचंद्र. त्याने ती धक्क्याच्या दगडावरही कोरली आहे, ओहोटीला दिसते. माझ्या मेंढ्यांच्या कानाला अर्धचंद्र व एक चीर. अक्साच्या मेंढ्यांना नुसता अर्धचंद्र. जेथ्रोने घर धाकट्याला दिले, बायकोच्या धाकाने दिले असेल, पण खूण त्याने ज्याची त्यालाच दिली.

गेल्या उन्हाळ्यात मी विन्स्लोला धक्क्यावर नेले, दगड दाखवला, अक्साची एक मेंढी धरून कान दाखवला. त्याचे बूट नवे होते.

"काका, मेंढीच्या कानावरून कोणी वंशावळ लिहितं का?"

"तू सिंहावरून लिहिलीस. मेंढी निदान इथली आहे."

"पहिला जेबेझ सोळाव्या वर्षीच मेला. प्रेत नंतर किनाऱ्याला लागलं असेल, पुरलं असेल. शिळेवर स्वच्छ लिहिलंय. दगड खोटं बोलत नाही."

"दगड बोलतच नाही, विन्स्लो. त्याच्यावर माणसं बोलतात."

अक्सा शेवंडांचे सापळे दुरुस्त करीत होती. मान वर न करता ती म्हणाली, "वकीलसाहेब, मी कोणाची नाही म्हणता, तर मेंढी तरी सोडा. ती माझी आहे."

तो गेल्यावर मी तिला धक्का तिच्या नावे करणार असल्याचे सांगितले. ती मला शेजारीबुवा म्हणते. मी तिच्या पोरवयात एकदा म्हटले होते की काका म्हण, तेव्हा ती म्हणाली होती, "तुमच्या घरचे ऐकतील, मग तुम्हालाच जेवायला घालणार नाहीत." आता म्हणाली, "शेजारीबुवा, मला दान नको."

"दान नाही. वाटणी आहे."

"दोनशे वर्षांनी?"

"वरच्या घरातून खाली यायला वेळ लागतो. पायऱ्या फार आहेत."

"मग लवकर सही करा. आणखी दोनशे वर्षं थांबायला मला फुरसत नाही, सापळे उचलायचेत."

ही सही त्याप्रमाणे होत आहे.

कलम चौथे. माझ्या मेंढ्या अक्साच्या कळपात सोडाव्यात. त्यांच्या कानांची चीर बुजणार नाही, पण कोकरांना नुसता अर्धचंद्र द्यावा.

कलम पाचवे. विन्स्लोने छापलेल्या कुलवृत्तांताची माझ्याकडची प्रत त्याला परत करावी. समासात मी पेन्सिलीने पुष्कळ लिहिले आहे. पुस्तकाचा तेवढाच भाग वाचण्यासारखा आहे.

कलम सहावे. हे घर, विहीर व सफरचंदाची झाडे विन्स्लोला जातील. तो माझ्या भावाचा मुलगा आहे. लहानपणी याच चुलीपुढे झोपे व स्वप्नात हसे. त्याला बेघर करण्याची माझी इच्छा नाही. परंतु अट अशी की माझी कबर खणली जात असता त्याने स्वतः, बोस्टनहून माणूस न पाठवता, तेथे उभे राहावे. खड्ड्याच्या बाजूची माती डोळ्यांनी पाहावी. आणि माती अखंड निघाली तर जमलेल्यांसमोर अक्साला "ताई" म्हणून हाक मारावी. अक्साने ओ केव्हा द्यायची, की द्यायचीच नाही, हे तिने ठरवावे. तो आला नाही, वा हाक मारली नाही, तर घर गावच्या शाळेला जावे.

माती मोडलेली निघाली, म्हणजे तेथे पूर्वी कोणी पुरले होते असे दिसले, तर मी चुकलो. मग घर त्याला बिनशर्त, व माझी माफी. धक्का तरीही अक्साचाच. तो मी आधीच दिला आहे व दिलेले मी परत घेत नाही.

कोणत्या खड्ड्याविषयी बोलतो आहे ते पुढे येते.

कलम सातवे. टेकडीवर थोरल्या जेबेझच्या शिळेच्या उजव्या हाताला माझी कझाया आहे. तिची कबर खणली तेव्हा मी काठावर उभा होतो. वर काळी माती, मग वाळूचा पिवळा पट्टा, मग निळी चिकणमाती, केकच्या थरांसारखी. कबर बुजवताना ते सारे एक होऊन गेले. एकदा कालवलेली माती पुन्हा थर धरीत नाही. शिळेखालचे थर अजून जागेवर असतील, अशी माझी खात्री आहे.

मला त्या शिळेखाली पुरावे.

कझाया जिवंतपणी टेकडीवरून जाताना त्या शिळेकडे बोट करी आणि म्हणे, "तुझं बरंय. जागा राखलेली, नावसुद्धा घालून ठेवलेलं. मलाच काय ते शोधावं लागेल." म्हणून तिने शेजारचीच जागा घेतली. आता मला तिच्याकडे जायचे आहे, आणि जाता जाता एक काम करायचे आहे.

विन्स्लोला तेथे सिंह व नांगर असलेला ग्रॅनाइटचा खांब उभारायचा आहे. तो उभारू नये. माझ्यासाठी नवा दगड आणू नये, जुन्यावर एक अक्षर वाढवू नये की खोडू नये. नाव बरोबर आहे. घर बरोबर आहे. जे कोरले आहे ते दोनशे वर्षे खोटे होते. मी गेलो की ते खरे होईल, आणि मग त्या शिळेचे नाव घेऊन खालच्या खाडीतल्या माणसांना कोणी परके म्हणू शकणार नाही.

वरील सर्व मजकूर मी साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवला. दुसऱ्या कलमातली कविता त्यांनी माझ्याबरोबर म्हटली, कारण तिघेही त्याच शाळेतले. शेवटी अमरियाह बून, जो आमच्या दफनभूमीची खोदाई करतो, एवढेच म्हणाला, "थंडी पडायच्या आधी मर, जेबेझ. गोठलेल्या जमिनीत मी कुदळ मारणार नाही." मी प्रयत्न करीन असे सांगितले आहे.

सही: जेबेझ टारबॉक्स

आमच्यासमोर, शुद्धीत व हट्टाने सही केली:
अमरियाह बून, खोदाई व विहिरी
लोइस स्टब्ज, शिवणकाम
झेनस हॅपगुड, पिंपे तयार करणारा

क्विल बंदर, टारबॉक्स घराच्या स्वयंपाकघरात, शनिवार, १० ऑक्टोबर १८९१, भरतीच्या सुरुवातीला.