उकिरड्यावरच्या सात्या

जळगाव जामोद

प्रिय वाहेद,

नऊ वर्षांनी माझं अक्षर पाहून लगेच फाडू नको बे. आधी वाच, मग खुशाल फाड. फोन केला असता, पण माझा आवाज ऐकताच तू ठेवून दिला असतास. आणि जे घडलंय ते तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

गेल्या मंगळवारी सरस्वती माहेरी, अमडापूरला गेली होती. दर पावसाळ्यात ती वारुळाजवळच्या सात्या खुडून आणते. ती भाजी तुला किती आवडायची! म्हटलं, यंदा आपणच करू. पण वारुळापर्यंत चिखल तुडवायचा आला कंटाळा. गोठ्यामागच्या उकिरड्यावर तशाच दिसणाऱ्या कुत्र्याच्या छत्र्या उगवल्या होत्या, त्याच आणल्या आणि तिखट घालून दोन भाकरींसोबत हाणल्या. तासाभरात समोरची भिंत श्वास घ्यायला लागली! खरं सांगतो, चुना वरखाली होत होता. जास्वंद इतकी लाल दिसली की मी हसतच सुटलो. शेजारच्या वच्छलाबाई खलबत्त्यात मिरच्या कुटत होत्या, तर त्यांचा एकेक ठोका मला डोळ्यांनी दिसायचा, पिवळाधमक. हे मी त्यांनाच समजावत बसलो, तेव्हा त्या बिचाऱ्यांनी घाबरून रिक्षा बोलावली.

डॉक्टरांनी आधी चांगलंच झापलं. दुसऱ्या जातीची छत्री असती तर आज तुझ्या मित्राचा फोटो भिंतीवर असता. मग म्हणाले, अशा काही छत्र्यांनी डोळ्या-कानांची सरमिसळ होते, आणि विचारही रोजची पायवाट सोडून आडरानात शिरतो. दिसलं ते सगळं खरं मानू नका, असंही बजावलं.

पण वाहेद, आडरानात मला काय सापडलं ते ऐक. खाटेवर पडल्यापडल्या त्या ठोक्यांची ढोलकी झाली. आपल्या भजन स्पर्धेतली, तू मढवलेली. भर मैदानात ती फाटली आणि मी माईकवर ओरडलो होतो, "वाहेदनं कच्चं चामडं घातलं!" नऊ वर्षं मला तेवढंच आठवायचं. त्या दिवशी मात्र त्याच्या आधीचंही आठवलं. हवा दमट होती, ढोलकीच्या तोंडावरची चामड्याची पुडी सैल पडून उतरली होती, आणि आपली पाळी आली म्हणून घाईघाईत मी ती चहावाल्याच्या शेगडीवर शेकायला धरली. फार जवळ धरली. जळका वास आला तो मी नाकाआड केला.

भ्रम असेल म्हणून शुद्धीवर आल्यावर माळ्यावरची ढोलकी काढून उन्हात पाहिली. फाटलेल्या जागेची कड काळी आहे, करपलेली. नऊ वर्षांत मी एकदाही तिकडे पाहिलं नव्हतं. काऊन पाहिलं नाही, ते आतून मला माहीत असणारच.

माझ्या त्या एका वाक्यानं मंडळांनी तुझ्याकडे वाद्यं देणं बंद केलं. ज्या हातांनी ढोलकी बोलती केली, ते हात आज नांदुऱ्यात मिक्सर दुरुस्त करतात. हे माझं पाप आहे. यंदाच्या स्पर्धेत त्याच मैदानात, त्याच माईकवर मी खरं सांगणार आहे, मंडळाला तसं कळवलंही. पण आधी तुला सांगायचं होतं, म्हणून हे पत्र. रविवारी पहिल्या बसनं ढोलकी घेऊन येतो. मढव किंवा तोंडावर दार लाव, पण ती काळी कड एकदा तुझ्या हातानं चाचपून बघ.

तुझाच,
घायकुता भगवंता