लाभार्थी

तीर्थरूप आईस,
इथूनच तुझ्या पायांवर डोकं ठेवते.

माझी तब्येत ठणठणीत आहे, जेवणही वेळेवर होतं. तुझा गुडघा कसा आहे? बाबा गोळ्या घेतात की नुसत्याच खिशात घेऊन फिरतात?

तू विचारलंस, इथे नेमकं काय चाललंय. आमचे शहाणे आभाळात बारीक भुकटी फवारून ऊन कमी करून बघणार आहेत, म्हणजे पृथ्वी कमी तापेल. त्यापायी कुणाचा पाऊस पळेल हे त्यांनाही ठाऊक नाही. हे करणं योग्य की अयोग्य, ते ठरवायला एक समिती आहे; तिची टिपणं मी लिहिते. तिच्या अध्यक्षांना आम्ही पाठीमागे ‘होयबा’ म्हणतो.

काल अख्खी दुपार एका शब्दावर काथ्याकूट झाला. फवारणीखाली येणाऱ्या लोकांना मसुद्यात ‘बाधित’ म्हटलं होतं. बाधित म्हटलं की त्यांची संमती घ्यावी लागते. होयबांनी चष्मा पुसला. “आपण ‘लाभार्थी’ म्हणू या. लाभ द्यायला कशाला विचारायचं?” सगळ्यांनी माना डोलावल्या आणि बिस्किटांवर ताव मारला. अकलेचे कांदे.

मी म्हटलं, “आणि लाभ नकोच असेल तर?”

“तुम्ही फार भावनिक होताय,” होयबा म्हणाले.

मग भिंतीवरचा नकाशा नीट पाहिला. फवारणीच्या पट्ट्यात समितीतल्या एकाचंही घर नाही. आपलं आहे.

काळजी करू नकोस, अजून काही सुरू झालेलं नाही. बाबांना म्हणावं, सकाळी गच्चीत खुर्ची टाकून उन्हात बसत जा.

तुम्हा दोघा लाभार्थ्यांची,
लेक